फवारणी थांबवणाऱ्याची मजुरी

फवारणी करणाऱ्या माणसाला हे विष आहे, असं सांगावं लागत नाही. आमच्या हिवरखेडच्या शिवारात पिढ्यान् पिढ्या कपाशी आहे. डब्यावर लाल त्रिकोण असला की औषध सगळ्यात जहाल, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. तरीही तोच माणूस उघड्या हातानं ड्रममध्ये औषध कालवतो आणि पाठीवर पंप घेऊन अनवाणी पऱ्हाटीत शिरतो. म्हणून हंगामाआधीच्या जागृतीच्या बैठका मला अपुऱ्या वाटतात. माहिती हवीच, पण वावरात चार माणसं एकत्र असली की ती एकमेकांकडे पाहून वागतात, आणि त्याबद्दल त्या बैठकांत कुणी बोलत नाही.

२०१७ चा हंगाम वऱ्हाडात कुणी विसरणार नाही. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, आत दमट उकाडा, त्यात बोंडअळीची धास्ती. एका टाकीत दोन-तीन औषधं मिसळून फवारणी चालू होती. यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. अकोला, अमरावतीतही रुग्ण आले. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. त्या दिवसांत एक वाक्य फार ऐकलं: मजुरांनी हातमोजे आणि मास्क वापरले नाहीत. मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो. ऑक्टोबरच्या उन्हात अंगभर प्लास्टिकचा झगा घालून डोक्याएवढ्या पऱ्हाटीतून चालून पाहा. दुसऱ्याचं काही चुकलं की आपण त्याच्या स्वभावाला दोष देतो आणि तो कशात अडकला होता हे पाहत नाही. ली रॉस या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये माणसाच्या या खोडीवर लिहिलं होतं.

त्याच हंगामात शेजारच्या वावरात चौघं फवारत होते. मी धुऱ्यावरून जात असताना त्यातला एक पोरगा मटकन खाली बसला. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीच घाबरलेलं दिसेना, म्हणून कुणीच घाबरलं नाही. "ऊन लागलं असन," एक जण म्हणाला. पोरगाही लाजून उठला आणि पंपाचा पट्टा खांद्यावर ओढायला लागला. तेवढ्यात विहिरीवरून पाणी आणणारी एक मावशी पुढं आली. "लाळ गळून राह्यली याची. हे ऊन नाई होय, बाप्पा!" ती बोलली म्हणून गाडी निघाली. पोरगा वाचला. नंतर कळलं की सकाळपासूनच त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती. मजुरी पंपामागे ठरली होती, आणि तीन गड्यांपुढं कच्चं ठरायचं नव्हतं, म्हणून तो गप्प राहिला होता.

लताने आणि डार्ली या संशोधकांनी न्यूयॉर्कमध्ये केलेला आणि १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी नंतर वाचला. खोलीत अर्ज भरत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या अंगावर झरोक्यातून धूर सोडला. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्के विद्यार्थ्यांनी बाहेर जाऊन सांगितलं. शेजारी मुद्दाम शांत बसवलेली दोन माणसं असली, तर फक्त १० टक्के उठले. वाचताना मला तो धुरा आठवला. मावशीच्या हाती पंप नव्हता, त्या चौघांत तिची गणती नव्हती, म्हणूनच तिला जे दिसलं ते ती बोलू शकली.

दुसरी गोष्ट सवयीची. "मागच्या साली याच हातानं कालवलं, काई झालं का?" या प्रश्नापुढं जाणताही गप्प होतो. अमेरिकेचं चॅलेंजर यान १९८६ मध्ये कोसळलं. त्याच्या सांध्यांतली रबरी कडी खराब होते, हे आधीच्या उड्डाणांत दिसलं होतं. पण यानं सुखरूप परतत गेली तशी ती खराबी चालण्यासारखी वाटू लागली, असं डायन व्हॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं. फवारणीत तर अंगाची साक्षही उशिरा मिळते. औषध कातडीतूनही शिरतं, टाकीतून पाठीवर गळतं, ओल्या कपड्यांतून आत जातं, आणि त्रास कधीकधी संध्याकाळी घरी गेल्यावर सुरू होतो. तोवर सकाळचा निष्काळजीपणा निभावून गेल्यासारखा वाटतो.

यातून मी जे शिकलो ते माझ्या वावरात पाळतो आणि दुसऱ्यांनाही आग्रहानं सांगतो. फवारणीची मजुरी पंपामागे ठरवू नका, दिवसाची ठरवा. पंपाचा हिशोब आला की घाई येते आणि चक्कर लपवली जाते. मालकानं आधी स्वतः हातमोजे घालून औषध कालवावं. मालक उघड्या हातानं कालवत असेल, तर मजुराला दिलेले हातमोजे झोपडीत टांगलेलेच राहतात. फवारणी सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर, वाऱ्याला पाठ करून. पऱ्हाटी डोक्यावर गेली असेल तर त्या वावरात पंप नेऊच नका.

"बरं हाये ना?" असं विचारू नका, त्याला "हो" हेच उत्तर येतं. नेमकं विचारा: अक्षर धूसर दिसतं का, तोंडाला पाणी सुटतं का, घाम जास्त येतो का, मळमळतं का? गडी जोडीनं ठेवा आणि प्रत्येकाला दुसऱ्याकडं पाहायला सांगा, कारण स्वतःचं दुखणं माणूस लपवतो. पाणी देणाऱ्या बाईला सगळ्यांसमोर सांगून ठेवा की ती म्हणेल तेव्हा काम थांबेल. घरी कपडे धुणाऱ्या बायकांनाही यात घ्या. फवारणीचे कपडे वेगळे भिजवायचे, उघड्या हातानं चोळायचे नाहीत.

कुणाला त्रास झाला तर कपडे उतरवून साबण-पाण्यानं अंग धुवा आणि थेट दवाखाना गाठा. घरगुती उपाय करत बसू नका, ओकारी काढायच्या फंदात पडू नका. औषधाचा डबा सोबत न्या. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारख्या औषधांच्या विषबाधेवर अ‍ॅट्रोपिनचा उपयोग होतो, पण सगळ्या कीटकनाशकांवर तो उतारा नाही, म्हणून लेबल पाहिल्याशिवाय डॉक्टरांना अंदाज बांधावा लागतो. इथून अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयापर्यंत पोचायला वेळ जातो. गाडी कुणाची आणि चालवणार कोण, हे पंप भरायच्या आधी ठरलेलं असू द्या.

आणि ज्यानं मध्येच "थांबा" म्हटलं, त्याची मजुरी पूर्ण द्या. पुढं काहीच निघालं नाही, नुसतं ऊनच लागलेलं असलं, तरीही द्या, आणि सगळ्या गड्यांसमोर द्या.