डॉक्टरांचे नियम आणि डॉक्टरांची सोबत

नियम हा माणसाच्या रक्षणासाठी असतो, असे आम्ही शिक्षक वर्गात सांगतो. हे विधान खरे असले तरी अपुरे आहे, हे कोरोनाच्या साथीने आपणां उज्जैनकरांस जवळून दाखविले. २५ मार्च २०२० रोजी मध्यप्रदेशात ह्या रोगाने पहिला बळी घेतला, तो उज्जैनच्याच एका वृद्ध महिलेचा. पुढे आगर रस्त्यावरील आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयात व माधवनगरच्या रुग्णालयात जे डॉक्टर राबले, त्यांच्या श्रमांची वाखाणणी पुष्कळ झाली. त्यांच्या एकटेपणाचा विचार थोडा झाला.

संसर्ग श्वासावाटे पसरतो, म्हणून सर्वांग झाकणारा पोशाख आवश्यक ठरला. तो एकदा चढविला की पाळी संपेपर्यंत पाणी नाही, लघुशंकेस जाणे नाही. शेजारी कोण उभा आहे हेही ओळखू येईना, तेव्हा पोशाखावर नावे लिहू लागले. माझा एक माजी विद्यार्थी त्या दिवसांत परगावी निवासी डॉक्टर होता. त्याला ह्याहून अधिक जाचला तो दुसराच नियम : जेवताना एकत्र बसावयाचे नाही. जेवताना मुखपट्टी उतरते, तेव्हा धोका तेथेच, हे त्याला पटत होते. "पण सर, रोगी दगावला की आम्ही चहा पिता पिता दोन शब्द बोलत असू. तेवढेच बंद झाले."

आरंभी कोरोना-कक्षातील कामानंतर बहुतेक ठिकाणी चौदा दिवस वेगळे राहावे लागे. १५ मे २०२० च्या केंद्रीय सूचनेने सरसकट विलगीकरण अनावश्यक ठरविले. वरवर ही सुटकाच. पण ज्याच्या घरी म्हातारे आईबाप, त्याला नवा घोर लागला. प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि विलगीकरणाचे दिवस रजेत धरता येत नाहीत, हे सरकारला तेथे स्पष्ट करावे लागले.

त्याच सूचनेत आणखी एक कलम होते. कर्मचाऱ्यांच्या जोड्या लावाव्या, आणि पोशाख चढविताना-उतरविताना प्रत्येकाने जोडीदाराच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवावे. हेतू संसर्ग टाळण्याचा, परंतु माझ्या विद्यार्थ्याला त्या सहा तासांत "तू ठीक आहेस ना?" असे विचारणारा एकच माणूस होता, तो हा जोडीदार. ह्याला खर्च काही नव्हता. माझ्या मते हे कलम फलकावर सर्वांत वर हवे होते.

२०२२ च्या ईदला तो आमच्याकडे आला. शीरखुर्म्याची वाटी हाती पडताच सवयीने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळला. "अरे, तिकडे कुठे?" म्हणून माझ्या पत्नीने त्याला दस्तरखानावर आपल्या मुलांमध्ये बसविले.