‘अशा’ आणि ‘इशा’

अरबीत रात्रीच्या जेवणाला ‘अशा’ म्हणतात आणि रात्रीच्या नमाजला ‘इशा’. जबर-जेर न देता लिहिले तर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. ऐनवर जबर दिला की जेवण, जेर दिला की नमाज. आपल्याकडे उर्दूच्या सवयीने बहुतेकजण दोन्ही ठिकाणी ‘इशा’च वाचतात.

हा केवळ उच्चाराचा प्रश्न नाही. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत प्रेषितांची (स.) अशी शिकवण आली आहे की, रात्रीचे जेवण समोर आले आणि तेवढ्यात नमाजची इकामत झाली, तर आधी जेवून घ्यावे. येथे ‘अशा’ऐवजी ‘इशा’ वाचले तर सारा आशयच उलटतो. हजरत अनस (रजि.) यांच्या कथनात तर मगरिबचा स्पष्ट उल्लेख असून, जेवणात घाई करू नये असेही सांगितले आहे.

दोन्ही शब्दांचे मूळ ऐन-शीन-वाव हेच आहे. या धातूत अंधुक दिसण्याचा, अंधाराचा भाव आहे. रातांधळ्या माणसाला अरबीत ‘आशा’ म्हणतात; इस्लामपूर्व काळातील प्रसिद्ध कवी मैमून बिन कैस अधू दृष्टीमुळे याच नावाने ओळखला गेला. (मराठीतील ‘आशे’शी याचा काही संबंध नाही, हे सांगायला नको!) सूरह जुखरुफच्या ३६व्या आयतीत रहमानच्या स्मरणाकडे डोळेझाक करणाऱ्याविषयी जे क्रियापद आले आहे, तेही याच धातूचे. सूरह यूसुफमध्ये भाऊ रडत पित्याकडे आले ती वेळही ‘इशा’चीच, म्हणजे अंधार पडल्यानंतरची.

म्हणजे जेवणाला नाव मिळाले ते वेळेवरून. सकाळच्या जेवणाचेही तसेच: ‘गदा’ हा शब्द सकाळवाचक ‘गुदू’चा सोयरा. सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अलै.) प्रवासात थकून आपल्या तरुण सोबत्याकडे हाच ‘गदा’ मागतात.

आता हुकुमाकडे वळू. भुकेल्याचे मन ताटात अडकते, नमाजमध्ये एकाग्रता राहत नाही, हे त्यामागील कारण उलमांनी सांगितले आहे. मात्र नमाजची वेळच टळत असेल तर आधी नमाज, असे बहुसंख्य फकीहांचे मत आहे. अन्न समोर नसताना स्वयंपाकाच्या निमित्ताने जमाअत सोडण्यास या हदीसचा आधार घेता येत नाही. हजरत इब्ने उमर (रजि.) यांच्यापुढे ताट आलेले असे, इमामांची किरात कानी पडत असे, तरीही ते जेवण पूर्ण करूनच नमाजला जात.