बातमीची पारख

लोकशाहीत वृत्तपत्रे लोकमताला वळण लावतात. हे वळण योग्य दिशेने जावे, ही जबाबदारी मात्र वाचकाचीही आहे. छापून आलेले सारे खरे मानणे जितके घातक, तितकेच सारे खोटे म्हणून झटकून टाकणेही घातक. सुज्ञ वाचक बातमी पारखून घेतो.

बातमीचा आधार कच्चा असला म्हणजे काय घडते, याचा अनुभव मराठी वृत्तपत्रसृष्टीला फार पूर्वीच आला. १८८१ साली ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत असल्याचे सांगून या पत्रांनी कारभारी बर्वे यांच्यावर गंभीर आरोप केले. त्यासाठी ज्या पत्रांचा आधार घेतला होता, ती बनावट निघाली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली. तथापि जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांची कळकळ खरी होती, पण हाती आलेला पुरावा खोटा होता. एवढ्या थोर संपादकांची जेथे फसगत झाली, तेथे सामान्य वाचकाने अधिकच सावध राहावयास हवे.

ही सावधगिरी कशी बाळगावी, हे नित्याच्या व्यवहारातून पाहू. मंठा तालुक्यात कापूस, तूर व सोयाबीन ही पिके घेतली जातात. समजा, ऐन दिवाळीच्या तोंडावर बातमी आली की, ‘सोयाबीन ३,८०० रुपयांवर कोसळले’. घाबरून माल विकण्यापूर्वी शेतकऱ्याने चार प्रश्न विचारावेत.

पहिला, हे कोण सांगतो? बाजार समितीचे दरपत्रक, एखादा व्यापारी, की केवळ ‘सूत्रे’? नाव सांगितल्यास एखाद्याची नोकरी धोक्यात येणार असेल, तर ते गुप्त ठेवणे रास्त होय. मात्र तसे कारण बातमीत दिलेले असावे.

दुसरा, आकडा कोणता? दरपत्रकात किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर असतात. ३,८०० हा भिजलेल्या मालाच्या एखाद्याच ढिगाला मिळालेला किमान दर असू शकेल.

तिसरा, तुलना कशाशी? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने सोयाबीनची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ५,३२८ रुपये ठरविली. सर्वसाधारण दरही त्याहून कमी असेल, तर शेतकऱ्याची तक्रार रास्त आहे आणि ती आकड्यानिशी मांडता येते.

चौथा, दुसरी बाजू ऐकली काय? शेतकरी, आडत्या व बाजार समिती या तिघांचेही म्हणणे बातमीत आले आहे काय?

शासकीय प्रसिद्धिपत्रकालाही हीच कसोटी लावावी. विहिरी मंजूर झाल्या म्हणजे त्यांना पाणी लागले असे नव्हे. ‘मंजूर’ आणि ‘पूर्ण’ या दोन शब्दांतील अंतर वाचकाने ओळखावे.

भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या निनावी संदेशांबाबत तर ही दक्षता जिवाशी निगडित आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. हे कोणी पाहिले, एवढा एकच प्रश्न वेळीच विचारला गेला असता, तर ते जीव कदाचित वाचले असते.

वृत्तपत्रातील बातमी अन्यायकारक वाटल्यास प्रथम संपादकांना पत्र लिहून चूक दाखवून द्यावी. दाद न मिळाल्यास भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते. गावच्या वाचनालयात आठवड्यातून एकदा एकच बातमी दोन वृत्तपत्रांतून वाचून तिच्यावर चर्चा करण्याचा प्रघात पाडावा. त्यास खर्च काहीच नाही. आणि वाचक प्रश्न विचारू लागला की बातमी लिहिणाराही अधिक काळजीने लिहू लागतो.