जवसाचे तेल : कोणता डबा कोणत्या कामाला?

हार्डवेअरच्या दुकानात नुसते 'अळशीचे तेल द्या' म्हणणारे गिऱ्हाईक अर्धेच काम सांगते. जवस म्हणा की अळशी, बी एकच. पण तेल निरनिराळ्या तऱ्हेचे मिळते आणि चुकीचा डबा आणला तर मजुरी बुडते. सुतारकाम, पॉलिश व रंगकामात आपले कारागीर बांधव पुष्कळ आहेत, म्हणून ही माहिती.

कच्चे तेल म्हणजे बी पिळून काढलेले, काही न मिसळलेले. ते लाकडात खोल मुरते, पण सुकायला कित्येक दिवस लागतात. क्रिकेटच्या बॅटीला हेच लावावे; मात्र दांडा फळीत बसवलेला असतो त्या सांध्याला लावू नये. खिडक्यांच्या काचांची लांबी चॉक पावडर याच तेलात मळून होते. लाकडाला आधी प्रायमरचा हात दिला नाही, तर ते लांबीतले तेल शोषून घेते आणि तडे जातात.

'डबल बॉईल्ड' हे नाव थोडे फसवेच. उकळण्यापेक्षा त्यात मिसळलेले कोबाल्ट, मँगनीज यांचे क्षार महत्त्वाचे. त्यांच्यामुळे तेल साधारण दिवसभरात सुकते. दारे, फर्निचर, ऑईल पेंट यांना हे चालते. खायला मात्र मुळीच नाही! विदर्भात घाणीचे जवस तेल स्वयंपाकात वापरतात, तेव्हा दुकानदारांनी हे दोन डबे शेजारी ठेवू नयेत.

हवा न लागू देता तापवून दाट केलेले ते स्टँड ऑईल. ते कमी पिवळे पडते. चित्रकार व छपाईची शाई बनवणारे ते घेतात.

खनिज तेलाची भेसळ ओळखायची तर काचेवर पातळ थेंब पसरावा. शुद्ध तेलाची कडक पापुद्री बनते. खनिज तेल सुकतच नाही, चिकटपणा राहतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. हे तेल पाण्यासारखे उडून सुकत नाही. ते हवेतला प्राणवायू घेते आणि त्यात उष्णता निर्माण होते. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकला, तर आतली उष्णता कोंडते आणि काडी न लावता चिंध्या पेटतात. गुरुवारी रात्री भुशाजवळ बोळा टाकून शुक्रवारची सुट्टी घेणाऱ्याचा कारखाना धोक्यात असतो. चिंध्या बाहेर मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवाव्यात, नाहीतर पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावे.