घाट उतरताना कानाला दडे का बसतात?

पुण्याहून मुंबईला जाताना खंडाळ्याचा घाट आपण बहुतेकांनी उतरलाय. कानाला दडे बसतात, एखादी जांभई येते, 'टप्' असा आवाज होतो आणि शेजारच्याचं बोलणं परत नीट ऐकू येतं. मीही हे कधी मनावर घेतलं नव्हतं. पण थर्ड इयरला भरपूर सर्दी असताना रात्रीच्या एसटीत झोपलो आणि खोपोलीजवळ कान ठणकून जागा झालो. घाबरून नाक दाबलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. कळ पार डोक्यात गेली. सोमवारी ओरलला एक्स्टर्नल सरांना तीन वेळा "सर, परत विचाराल का?" म्हणालो. त्यांना वाटलं, पोरगा वेळ काढतोय!

कानाच्या डॉक्टरांनी जे समजावलं ते आपल्या भाषेत सांगतो. पडद्यामागे हवेची छोटी पोकळी असते, तो मध्यकर्ण. तिथून नाकाच्या मागच्या भागापर्यंत साधारण साडेतीन सेंटिमीटरची युस्टेशियन नळी जाते. एरवी ती मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना टाळूचा स्नायू तिला क्षणभर उघडतो. गंमत म्हणजे ही नळी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसारखी वागते. घाट चढताना बाहेरचा दाब घटतो, आतली हवा आपसूक निसटते. उतरताना हवा आत यायला हवी, पण वाढलेल्या दाबाने नळीचं मऊ तोंड उलट आणखी मिटतं. सर्दीने ते सुजलेलं असेल तर विचारूच नका.

आता थोडं गणित. लोणावळा ते खोपोली उतार साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे दाबात सुमारे ६० हेक्टापास्कलचा फरक. पडद्याचं क्षेत्रफळ ६० चौरस मिलिमीटर धरलं तर बल येतं ०.३६ न्यूटन, म्हणजे पस्तीस-चाळीस ग्रॅमचं वजन. पडदा जेमतेम ०.१ मिमी जाडीचा! विमानात केबिनमधला दाब ८००० फूट उंचीवर असतो तेवढ्यापर्यंत उतरू शकतो, तिथे फरक याच्या चौपट होतो. आणि फरक १२० हेक्टापास्कलच्या आसपास गेला की टाळूच्या स्नायूला नळी उघडताच येत नाही. म्हणून दडा बसायची वाट न बघता उतार सुरू झाला की लगेच गिळायला लागायचं. लिमलेटची गोळी, च्युइंगम, पाण्याचे घोट, काहीही चालेल. झोपेत आपण फार कमी गिळतो, तेव्हा उतारावर जागं राहा. तान्ह्या बाळाला अशा वेळी दूध पाजतात ते याचसाठी.

तरी कान उघडला नाही तर व्हाल्साल्व्हाची युक्ती. या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने ती १७०४ च्या ग्रंथात सांगितली आहे. नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि हळूच हवा ढकला, एक-दोन सेकंदच. माझ्यासारखी मर्दुमकी नको. त्याहून सौम्य टॉयन्बीची: नाक दाबून नुसता आवंढा गिळायचा. जोरात सर्दी असेल तर मात्र नाक दाबून फुंकणं टाळाच, घाण कानात ढकलली जाते. प्रवासापूर्वी नाकात टाकायचे थेंब डॉक्टरांना विचारून घ्या. कोमट तेल कानात ओतायचा घरगुती सल्ला मलाही मिळाला होता. अडचण पडद्याच्या आत, तेल बाहेर, उपयोग काय?

कानातून रक्त किंवा पाणी आलं, गरगरलं, किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येणं सुधारलं नाही तर थेट डॉक्टर गाठा. माझ्या पडद्यामागे पाणी साचलं होतं, ते जायला तीन आठवडे लागले.