१९४१ चा उन्हाळा आणि स्टालिनचा हेतू
(एका ऐतिहासिक वादाचा परिचय)

२२ जून १९४१ रोजी, रविवारी पहाटे, नाझी जर्मनीचे तीस लाखांहून अधिक सैन्य सोव्हिएत रशियाची सरहद्द ओलांडून आत घुसले. पहिल्याच दिवशी रशियाची सुमारे १२०० विमाने नष्ट झाली व त्यांतील बहुतेक जमिनीवरच जळाली. वर्षअखेरीस तीस लाखांहून अधिक रशियन सैनिक युद्धकैदी झाले होते. ज्या राष्ट्राजवळ वीस हजारांवर रणगाडे होते, त्याची अशी दैना का व्हावी? या एका कोड्यातून इतिहासकारांचा एक मोठा वाद उभा राहिला. त्या वादाचे स्वरूप समजावून घेणे आणि त्या निमित्ताने, इतिहासात 'हेतू' कसा सिद्ध करतात याचा विचार करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वादाचा उगम

या कोड्याची जुनी उत्तरे दोन. स्टालिनच्या हयातीत सोव्हिएत सरकारचे उत्तर असे की, शत्रूने अनाक्रमणाचा करार मोडून विश्वासघाताने हल्ला केला. १९५६ साली ख्रुश्चेव्हने आपल्या गाजलेल्या गुप्त भाषणात दुसरे उत्तर दिले. स्टालिनला वारंवार इशारे मिळाले होते, पण त्याने ते कानाआड केले, असे त्याचे म्हणणे होते.

१९८० नंतरच्या दशकात तिसरे उत्तर पुढे आले. सोव्हिएत लष्करी हेरखात्यातील व्लादिमिर रेझुन हा अधिकारी १९७८ साली ब्रिटनमध्ये पळून गेला होता. त्याने व्हिक्टर सुवोरोव्ह या टोपणनावाने प्रथम लेख लिहिले आणि नंतर 'आइसब्रेकर' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : हिटलर हा स्टालिनच्या दृष्टीने बर्फ फोडणारे जहाज होता. त्याने युरोप मोडून काढावा आणि मग लाल सैन्याने 'मुक्तिदाता' म्हणून आत शिरावे, हा स्टालिनचा बेत. हल्ल्याचा दिवस ६ जुलै १९४१ हा ठरला होता. हिटलरने केवळ दोन आठवडे आधी घाव घातला, इतकेच!

सुवोरोव्हची बाजू

ही बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सुवोरोव्ह विचारतो, जुन्या सरहद्दीवरील 'स्टालिन रेषे'ची तटबंदी का मोडकळीस येऊ दिली? विमानतळ व दारूगोळ्याची कोठारे सरहद्दीच्या इतक्या जवळ का आणली? १९४१ च्या वसंतात छत्रीधारी सैन्याची पाच दले कशासाठी उभारली? साखळीपट्टा काढून चाकांवर धावणारे बी. टी. जातीचे रणगाडे रशियाच्या चिखलात काय कामाचे? ते जर्मनीच्या पक्क्या सडकांसाठीच असणार! आक्रमणाच्या पवित्र्यात असलेले सैन्य बचावात दुबळे असते आणि म्हणूनच त्याची २२ जूनला धूळधाण झाली, असा त्याचा निष्कर्ष आहे. कोडे एका फटक्यात सुटते, हेच या उपपत्तीचे मोठे आकर्षण.

जर्मन इतिहासकार योआखिम हॉफमान यांनीही याच मताला दुजोरा दिला. ५ मे १९४१ रोजी स्टालिनने लष्करी शिक्षणसंस्थांच्या पदवीधरांपुढे क्रेमलिनमध्ये भाषण केले होते. लाल सैन्य हे आता आधुनिक व आक्रमक सैन्य आहे, असा त्याचा सूर होता. हॉफमान यांनी पकडल्या गेलेल्या सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या जबान्यांवरून त्या भाषणाला मोठे महत्त्व दिले.

प्रतिपक्ष

इस्रायली इतिहासकार गॅब्रिएल गोरोदेत्स्की आणि अमेरिकेचे निवृत्त कर्नल डेव्हिड ग्लांट्झ हे या मताचे प्रमुख खंडनकर्ते. ग्लांट्झ यांचा मुद्दा सैन्याच्या अवस्थेचा आहे. १९३७-३८ च्या शुद्धीकरणात पाचपैकी तीन मार्शल नाहीसे झाले होते आणि फिनलंडच्या युद्धात लाल सैन्याची अब्रू गेली होती. कागदावर एकोणतीस यंत्रसज्ज दले होती खरी. पण त्यांतील बहुतेकांजवळ पुरेसे रणगाडे, वाहने वा शिकलेले चालक नव्हते. असे सैन्य त्या उन्हाळ्यात बर्लिनवर चालून जाणार होते, हे मानणे कठीण आहे.

गोरोदेत्स्की यांचा भर राजनीतीवर आहे. वाटाघाटींनी युद्ध निदान पुढे ढकलता येईल, ही स्टालिनची वेडी आशा होती. १४ जूनला 'तास' या वृत्तसंस्थेने जर्मनीशी युद्धाच्या अफवा निराधार असल्याचे जाहीर केले. धान्य व तेल घेऊन जर्मनीकडे जाणाऱ्या आगगाड्या अखेरच्या रात्रीपर्यंत चालू होत्या. २१ जूनच्या मध्यरात्रीच्या सुमारास जो हुकूम निघाला, त्यातही सज्ज राहा, पण चिथावणीला बळी पडू नका, असेच बजावले होते. चढाईला निघालेल्या सेनापतीची ही भाषा नव्हे.

बाकीच्या मुद्द्यांनाही उत्तरे आहेत. १९३९-४० मध्ये सरहद्द पश्चिमेकडे सरकली, तेव्हा जुनी तटबंदी मागे पडली आणि नवी अपुरी राहिली. शत्रूचा हल्ला झेलून युद्ध तत्काळ त्याच्याच भूमीवर न्यायचे, हे तर सोव्हिएत लष्करी तत्त्वच होते. तेव्हा सैन्याची मांडणी आक्रमक होती म्हणून राज्यकर्त्याने युद्ध ठरवले होते, असे निष्पन्न होत नाही.

१५ मेचा कागद

सोव्हिएत दफ्तरे खुली होऊ लागली, तेव्हा एक महत्त्वाचा कागद हाती आला. वासिलेव्हस्की यांच्या हस्ताक्षरातील हा मसुदा १५ मे १९४१ च्या सुमाराचा असून तो संरक्षणमंत्री तिमोशेंको व सरसेनाध्यक्ष झुकोव्ह यांच्या नावे आहे. जर्मन सैन्याची जुळवाजुळव पुरी होण्याआधीच आपण १५२ डिव्हिजनांनिशी दक्षिण पोलंडच्या दिशेने प्रहार करावा, अशी सूचना त्यात आहे.

'हा पाहा पुरावा,' असे एक पक्ष म्हणाला. परंतु त्या कागदावर मंत्र्याची वा सेनाध्यक्षाची सही नाही आणि स्टालिनच्या मंजुरीची खूणही नाही. शिवाय त्यातील प्रहार हा जर्मनीच्या चालू तयारीला उत्तर म्हणून सुचविलेला आहे. मग राखीव सैन्यातील सुमारे आठ लाख लोक 'सरावा'च्या नावाखाली का बोलावले आणि अंतर्भागातील सेना पश्चिमेकडे का हलवल्या, हा प्रश्न उरतोच. रशियन इतिहासकार मिखाइल मेल्त्युखोव्ह यांनी याच आधारावर मधली वाट काढली : दोन्ही हुकूमशहा युद्धाची तयारी करीत होते, पण त्यामुळे हिटलरचा हल्ला 'प्रतिबंधक' ठरत नाही. २०२१ मध्ये शॉन मॅकमीकिन यांच्या 'स्टालिन्स वॉर' या ग्रंथाने स्टालिनच्या महत्त्वाकांक्षेची चर्चा पुन्हा पेटवली.

या वादात पणाला काय लागले आहे?

हा वाद केवळ पंडितांचा नाही. २२ जूनला खुद्द हिटलरने जगाला हेच सांगितले होते की, रशिया हल्ला करणार होता म्हणून आम्हाला शस्त्र उचलावे लागले. न्यूरेंबर्गच्या न्यायासनाने तो बचाव फेटाळला. जर्मन कागदपत्रे याबाबतीत निःसंदिग्ध आहेत. ३१ जुलै १९४० रोजीच हिटलरने आपल्या सेनानींना रशियावरील स्वारीचा निश्चय सांगितला होता आणि १८ डिसेंबर १९४० ला एकविसावा आदेश निघाला होता. रशियन आपल्यावर हल्ला करण्याची मेहेरबानी करणार नाहीत, असे जनरल मार्क्स यांनी ऑगस्ट १९४० च्या आराखड्यातच गृहीत धरले होते. तेव्हा 'बचावा'ची ही भाषा म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा होत. त्या युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ६६ लक्ष माणसे मेली, हे ध्यानात घेतले म्हणजे आक्रमक कोण, या प्रश्नाचे वजन कळते.

मात्र याचा अर्थ स्टालिन शांतिदूत होता, असा नव्हे. पोलंडचा लचका, फिनलंडवरील हल्ला, बाल्टिक राष्ट्रे गिळणे ही त्याचीच कृत्ये. १९३९ च्या कराराची गुप्त कलमे सोव्हिएत सरकारने १९८९ पर्यंत नाकारली होती. हिटलरला दोषी ठरवण्यासाठी स्टालिनला निर्दोष ठरवण्याची गरज नाही आणि स्टालिनचे दोष दाखवण्यासाठी हिटलरला सोडून देण्याचीही नाही.

आपल्यासाठी बोध

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत : क्षमता, योजना आणि हेतू. रणगाडे मोजून क्षमता कळते. सेनाध्यक्षांच्या मसुद्यावरून योजना कळते. परंतु हेतू कळण्यासाठी निर्णय लागतो आणि निर्णयाची खूण हुकुमात, त्याच्या अंमलबजावणीत, नाहीतर त्या माणसाच्या एकंदर वर्तनात शोधावी लागते. जर्मनीच्या बाबतीत तिन्ही गोष्टी जुळतात. रशियाच्या बाबतीत पहिल्या दोन अंशतः आहेत, तिसरीचा पुरावा नाही. सुवोरोव्हची चूक प्रश्न विचारण्यात नाही. पहिल्या पायरीवरून एकदम तिसरीवर उडी घेण्यात आहे.

आपल्याकडे राजवाड्यांनी अस्सल कागदाचा आग्रह धरला, तो योग्यच होता. पण अस्सल कागद हाती आला म्हणजे काम संपत नाही. तो कोणी लिहिला, कोणापुढे गेला, त्यावर सही झाली की नाही आणि त्याप्रमाणे पुढे काही घडले का, हे विचारल्यावाचून कागद बोलत नाही. १५ मेच्या मसुद्याने एवढे जरी आपल्याला शिकवले, तरी या वादाचा अभ्यास सार्थकी लागला असे म्हणता येईल.