पडद्यामागील कामगार आणि सुरक्षिततेचे शिक्षण

कारखान्यातील फिरत्या यंत्राला कठडा हवा, खाणीत उतरणाऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण हवे, ही गोष्ट आता कोणाला पटवून द्यावी लागत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने व त्यानंतरच्या कायद्यांनी ही जाणीव समाजात रुजवली. परंतु करमणूक हाही एक उद्योग आहे आणि त्यात उंचीवर चढणारे, विजेच्या जाड केबली ओढणारे, लाकूडकाम, रंगकाम व वेल्डिंग करणारे हजारो हात राबत असतात, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. प्रेक्षकाला नट दिसतो, त्याच्यावर प्रकाश पाडणारा लाइटमन दिसत नाही. जो दिसत नाही, त्याच्या सुरक्षिततेचा विचारही मागे पडतो. या कामगारांना धोक्याचे व बचावाचे पद्धतशीर शिक्षण कसे देता येईल, याचा विचार येथे केला आहे.

म्हैसूरच्या आगीचा धडा

८ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हैसूर येथील प्रीमियर स्टुडिओत ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या दूरदर्शन मालिकेचे चित्रीकरण चालू असताना आग लागली. तीत ६२ माणसे मरण पावली. मालिकेचे दिग्दर्शक व प्रमुख नट संजय खान हे गंभीररीत्या भाजले व त्यांना अनेक महिने रुग्णालयात काढावे लागले. मृतांमध्ये मोठा भरणा तंत्रज्ञ, साहाय्यक व किरकोळ कामे करणाऱ्यांचा होता.

या दुर्घटनेची जी कारणे पुढे आली, त्यांत अनाकलनीय असे काहीच नव्हते. वीजजोडण्या सैल होत्या. हवा खेळण्याची सोय नव्हती. भिंतींना पोती लावलेली होती. मोठ्या दिव्यांमुळे बंदिस्त जागेतील उष्णता वाढत गेली होती. आग विझवण्याची पुरेशी साधने नव्हती. यांतील प्रत्येक गोष्ट आग लागण्यापूर्वी कोणाच्या ना कोणाच्या नजरेस पडतच असणार. सैल जोडणी वायरमनला दिसते, पोते कोरडे आहे हे ते ठोकणाऱ्याला समजते. परंतु नजरेस पडणे आणि धोका म्हणून ओळखता येणे यांत अंतर आहे, आणि ओळखल्यावर काम थांबवण्यास सांगणे याला त्याहून अधिक बळ लागते. पहिले अंतर शिक्षणाने भरून निघते, दुसरे संघटनेने. म्हणून या क्षेत्रात प्रशिक्षण आणि कामगार संघटना यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

मालक बदलतो, धोका तोच राहतो

कारखान्यातील कामगार वर्षानुवर्षे एकाच फाटकातून आत जातो. त्याला शिकवण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. चित्रपट व्यवसायाचे तसे नाही. एक निर्मिती काही आठवड्यांत संपते, तिच्यासाठी जमलेली मंडळी पांगतात आणि तोच सेटिंग कामगार पुढील महिन्यात दुसऱ्या निर्मात्याकडे रोजावर उभा राहतो. चार दिवसांसाठी घेतलेल्या माणसाला दोन दिवसांचे शिक्षण देण्यात निर्मात्याला स्वारस्य नसते, आणि रोज बुडवून स्वखर्चाने शिकणे कामगाराला परवडत नाही. परिणामी प्रत्येक जण दुसऱ्याने शिकवले असेल असे धरून चालतो.

यातून मार्ग एकच: शिक्षणाची नोंद मालकाच्या दप्तरात न राहता कामगाराबरोबर फिरली पाहिजे, आणि त्याचा खर्च एका निर्मात्यावर न पडता साऱ्या व्यवसायाने मिळून उचलला पाहिजे.

लॉस एंजलिसमधील ‘सेफ्टी पास’

अमेरिकेत नाट्यगृहांतील रंगमंच कामगारांनी १८९३ मध्ये आपली राष्ट्रीय संघटना उभारली. तीच पुढे ‘आयॅट्सी’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाऊ लागली आणि चित्रपट कामगारही तीत आले. हॉलिवूडमधील निर्माते व कामगार संघटना यांच्या करारांतून तेथे एक संयुक्त प्रशिक्षण निधी चालतो. त्यामार्फत ‘सेफ्टी पास’ ही योजना राबवली जाते.

योजनेची रचना सरळ आहे. सर्वसाधारण सुरक्षिततेचा प्राथमिक पाठ सर्वांसाठी असतो. त्यापुढील पाठ ज्याच्या-त्याच्या कामाप्रमाणे ठरतात: कोणाला विजेचा, कोणाला उंचीवरील कामाचा, कोणाला उचल-यंत्रे चालवण्याचा, तर कोणाला घातक रसायनांचा. कोणी कोणते पाठ पूर्ण केले याची नोंद मध्यवर्ती ठेवली जाते व कामावर घेणाऱ्यास ती पडताळता येते. आवश्यक पाठ पूर्ण न करणाऱ्याचे नाव कामाच्या यादीतून तात्पुरते बाजूला पडू शकते. त्यामुळे शिक्षण ही ऐच्छिक बाब राहत नाही.

याच्या जोडीला मालक व कामगार यांची संयुक्त सुरक्षा समिती सूचनापत्रके काढते. त्यांतील पहिलेच पत्रक चित्रीकरणातील बंदुका व पोकळ काडतुसे यांविषयी आहे. अशा पत्रकांमागे कटू अनुभव आहेत. २३ जुलै १९८२ रोजी ‘ट्वायलाइट झोन’ या चित्रपटाच्या रात्रीच्या चित्रीकरणात स्फोटांमुळे हेलिकॉप्टर कोसळले आणि नट विक मॉरो व दोन बालके जागीच ठार झाली. बालकांना रात्री कामावर आणणेच मुळात कायद्याविरुद्ध होते. या घटनेनंतर तेथील सुरक्षा समित्यांच्या कार्याला विशेष चालना मिळाली.

शिकवावयाचे काय?

अशा प्रशिक्षणाचे विषय साधारणतः चार गटांत मोडतात.

पहिला गट वीज आणि आग यांचा. गुंडाळीवरच ठेवलेल्या केबलमधून मोठा भार नेला, तर आतील वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही व आवरण वितळू लागते. म्हणून केबल पूर्ण सोडून पसरावी. जोड ओल्या जमिनीवर ठेवू नयेत. जनरेटरचे अर्थिंग तपासल्याखेरीज दिवे लावू नयेत. विजेमुळे लागलेल्या आगीवर पाणी मारू नये. आधी प्रवाह तोडावा. धूर वर चढतो, म्हणून बाहेर पडताना खाली वाकून जावे. बाहेर पडण्याची वाट सामानाने अडवलेली नाही, हे दिवसाच्या आरंभीच पाहावे.

दुसरा गट उंचीचा. कमरेला पट्टा बांधला म्हणजे झाले, हा समज घातक आहे. पडणाऱ्याचा भार शरीरभर विभागणारा पट्टा हवा आणि त्याचे दुसरे टोक भक्कम आधाराला अडकवलेले हवे. वर नेलेले प्रत्येक हत्यार दोरीने बांधलेले हवे, कारण वरून सुटलेला पाना खालच्या माणसाचा जीव घेऊ शकतो. उघड्या वीजवाहिनीपासून क्रेन दूर ठेवण्याचा नियमही याच गटात येतो. अमेरिकेत ५० किलोव्होल्टपर्यंतच्या वाहिनीसाठी हे अंतर किमान १० फूट ठरलेले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये बंगळूरजवळील बिडदी येथे साहसदृश्याच्या वेळी क्रेनचा उच्चदाब वाहिनीशी संपर्क होऊन एका तरुण कलावंताचा मृत्यू झाला, हे लक्षात घेतले म्हणजे या दहा फुटांचे मोल कळते.

तिसरा गट साहसदृश्ये, वाहने, पाणी व शस्त्रे यांचा. ७ नोव्हेंबर २०१६ रोजी बंगळूरजवळच्या थिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात ‘मस्ती गुडी’ या कन्नड चित्रपटासाठी तीन नटांनी हेलिकॉप्टरमधून उडी घेतली. प्रमुख नट वाचला. इतर दोघे, ज्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते, बुडाले. बचावाची व्यवस्था जागेवर उभी राहिल्याखेरीज कॅमेरा सुरू करावयाचा नाही, हा नियम येथे पाळला गेला असता तर दोन जीव वाचू शकले असते.

चौथा गट थकव्याचा. याचा विचार सर्वांत कमी होतो. १९९७ मध्ये हॉलिवूडमधील एक साहाय्यक छायालेखक सुमारे १९ तासांचे काम आटोपून गाडी चालवीत घरी निघाला आणि वाटेत झोप लागून अपघातात दगावला. अपघात सेटच्या फाटकाबाहेर झाला, पण त्याचे कारण फाटकाच्या आत होते.

केवळ पाठांनी भागत नाही

प्रशिक्षणाची एवढी व्यवस्था असतानाही २१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात ‘रस्ट’ या चित्रपटाच्या तालमीत खऱ्या गोळीने एका छायालेखिकेचा बळी गेला. बंदूक निर्धोक असल्याचे सांगण्यात आले होते. त्याच दिवशी सकाळी कॅमेरा विभागातील काही कामगार कामाच्या परिस्थितीबद्दल तक्रार करून निघून गेले होते. म्हणजे धोक्याची सूचना मिळाली होती. ती ऐकली गेली नाही. पुढे २०२३ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने करसवलत घेणाऱ्या निर्मितींवर सुरक्षा सल्लागार नेमण्याची योजना कायद्याने आखली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. रोजावरचा कामगार एकटा असेल, तर त्याच्या मनात प्रथम विचार येतो तो उद्याच्या रोजाचा. आज नकार दिला तर पुन्हा बोलावणे येणार नाही, ही भीती कोणत्याही पाठाने जात नाही. त्याच्या वतीने बोलणारा संघटनेचा प्रतिनिधी जागेवर असेल, तरच शिकलेल्या गोष्टीचा उपयोग होतो.

आपल्याकडील पाया

भारतात १९८१ च्या सिने-कामगार व चित्रपटगृह कामगार अधिनियमाने लेखी करार आवश्यक ठरवला आणि त्याच वर्षी सिने-कामगार कल्याण निधीचा कायदाही झाला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने १९८१ च्या या अधिनियमाची जागा घेतली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. तीत ‘दृक्-श्राव्य कामगार’ अशी व्यापक संज्ञा असून साहसदृश्ये करणारे व नर्तक यांचाही तीत समावेश होतो. सुरक्षिततेविषयी माहिती मागण्याचा आणि गंभीर इजेचा धोका दिसताच तो मालकाच्या निदर्शनास आणण्याचा हक्कही तीत दिलेला आहे. मुंबईत निरनिराळ्या कारागिरांच्या संघटना ‘फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईज’ या महासंघात एकत्र आहेत. सभासदाचे ओळखपत्र ही त्यांची रुळलेली पद्धत आहे. त्या ओळखपत्रावर पूर्ण केलेल्या सुरक्षा-पाठांची नोंद होऊ लागली, तर शिक्षण कामगाराबरोबर फिरण्याची सोय सहज होईल. मात्र हे पाठ मराठी, हिंदी अशा कामगाराच्या भाषेत आणि प्रत्यक्ष केबल, शिडी व अग्निशामक नळकांडे हाती देऊन झाले पाहिजेत.

ग्रामपंचायतीचा संबंध

हा विषय केवळ मुंबईचा, असे मानण्याचे कारण नाही. गोरेगाव व कोल्हापूर येथील चित्रनगरींबाहेर वाई-मेणवलीसारख्या गावांतही चित्रीकरणे होतात. जत्रेत तमाशाचे तंबू व आकाशपाळणे उभे राहतात, शाळेच्या स्नेहसंमेलनात मंडप पडतो. धोके तेच, कामगारही त्याच जातीचे.

अशा वेळी परवानगी देताना ग्रामपंचायतीने पुढील प्रश्न विचारणे इष्ट ठरेल: तात्पुरती वीजजोडणी अधिकृत आहे काय? वीजवाहिनी किती दूर आहे? विहीर, तलाव वा नदीजवळ काम असल्यास बचाव पथक कोठे उभे राहील? जवळचे रुग्णालय कोणते व तेथवर वाहन किती वेळात पोचेल? काम सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे सर्वांना एकत्र करून धोके समजावून सांगितले जातील काय? या प्रश्नांसाठी स्वतंत्र खर्च लागत नाही. उत्तरे लेखी घेऊन परवानगीच्या अर्जाला जोडावीत, एवढेच पुरे.

शिक्षकांनाही येथे वाव आहे. स्नेहसंमेलनाचा रंगमंच उभारताना विद्यार्थ्यांना केबल, पडदा व बाहेर पडण्याची वाट दाखवून दिली, तर त्यांतील जो पुढे या व्यवसायात शिरेल, त्याचा पहिला सुरक्षा-पाठ शाळेतच झालेला असेल.

म्हैसूरची ती मालिका पुढे पूर्ण झाली आणि १९९० पासून घरोघर पाहिली गेली. ती पाहणाऱ्यांना राजवाडे व लढाया दिसल्या. ६२ माणसे दिसली नाहीत. त्यांची आठवण ठेवण्याचा खरा मार्ग म्हणजे पुढच्या सेटवर दिवा लावण्यापूर्वी जोडणी तपासणारा शिकलेला हात, आणि ती सैल आढळल्यास ‘थांबा’ म्हणणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणारी संघटना.